आमच्या सजाच्या कोतवाल काकाजींना

काकाजी,

साष्टांग नमस्कार.

हे पत्र तुमची नात मोबाइलवर वाचून दाखवेल आणि अर्ध्यातच तुम्ही म्हणाल, "कायले एवढं लिवलं साहेबानं?" तर आधीच सांगतो, हे तुमच्यासाठी आहेच, पण "तू कॉम्प्युटरवाला, तुला तलाठ्याचं काम काय जड!" असं म्हणणाऱ्यांनीही ते वाचावं म्हणून उघड लिहितोय.

मी बी.ए. झालेला माणूस. प्रोग्रॅमिंग कुणी शिकवलं नाही. जुना लॅपटॉप, लाइट असेल तेवढा वेळ, आणि पायथन. त्याच दिवसांत तैवानच्या ऑड्री टँग यांच्याबद्दल वाचलं. प्रोग्रॅमिंग त्यांनी स्वतःचं स्वतः उचललं, चौदाव्या वर्षी शाळा सोडली, 2016 मध्ये सरकारात डिजिटल मंत्री झाल्या, आणि 2020 च्या साथीत कुठल्या औषध दुकानात किती मास्क उरलेत हे लोकांना नकाशावर दिसावं म्हणून सरकारी आकडे खुले करवले. डोक्यात हवा जायला एवढं पुरे होतं. माझी नेमणूक झाली ती मात्र यवतमाळच्या आर्णी तालुक्यातल्या सजावर, म्हणजे एका तलाठ्याकडं असतात तेवढ्या गावांवर. आता कागदोपत्री मी ग्राम महसूल अधिकारी आणि तुम्ही महसूल सेवक, पण गावाला पटवारी आणि कोतवालच लागतात.

अतिवृष्टीच्या यादीचं सांगायचं आहे. चोवीस तासांत 65 मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की महसूल मंडळात अतिवृष्टी धरतात, आणि 33 टक्के किंवा त्याहून जास्त पीक गेलेल्यांना मदत मिळते. ग्रामसेवक, कृषी सहाय्यक आणि मी पंचनामे करतो, मग नाव, गट क्रमांक, क्षेत्र, आधार, बँक खातं अशी यादी वर जाते. एक आकडा चुकला की शेतकऱ्याचे पैसे अडकतात आणि तो बिचारा सेवा केंद्रावर चकरा मारत बसतो.

यावर मी प्रोग्रॅम लिहिला होता. आधारच्या बारा आकड्यांतला शेवटचा आकडा आधीच्या अकरांवरून काढलेला असतो, त्यामुळे टायपिंगची चूक तिथल्या तिथे सापडते. बँकेच्या आयएफएससी कोडमध्ये पाचव्या जागी नेहमी शून्य असतं आणि लोक हमखास इंग्रजी ओ मारतात. तेही सापडतं. सातबाऱ्यावर देवराव आणि आधारवर देवरावजी, तर तेही जुळवून देतो. यादी तपासून हिरवी झाली. मी खूश.

तुम्ही चष्मा खिशातून काढलाच नाही. म्हणालात, "मले नावानं नोका वाचू. गटानं वाचा."

मी वाचत गेलो. तुम्ही चावडीच्या भिंतीला टेकून, डोळे मिटून, नाल्याच्या अंगानं चालत गेलात. मध्येच, "हा त्या नावाचा दुसरा, टेकडीकडचा. याच्या बापाचंही नाव तेच हाये." मी खूण केली. पुढं गेलो. आणि मग तुम्ही डोळे उघडले. "थांबा. मंधातला एक गट कुठं गेला? त्याच्या दोन्ही बाजूची पऱ्हाटी वाहून गेली, मंग त्याची काय उभी हाये?"

गट होता. खातेदार वारलेला, वारस नोंद झालेली नाही, म्हणून बँक खातं कुणाचं लावायचं हे ठरेना, आणि ती ओळ कुठल्याच यादीत आली नाही. शेत त्याची बायको कसत होती. जी ओळ यादीतच नाही ती माझ्या प्रोग्रॅमला चुकीची तरी कशी दिसणार?

पुढं वारस नोंदीचा अर्ज आला, त्यात बायको आणि दोन मुलगे. तुम्ही पाण्याचा गडू खाली ठेवत सहज बोलल्यासारखं बोललात, "दोन पोरीही हायेत साहेब. एक उमरखेडले देली, एक किनवटले." 2005 पासून वडिलोपार्जित मिळकतीतही मुलीला मुलाइतकाच हक्क आहे हे मला परीक्षेपुरतं पाठ होतं. पण पोरी कुठं दिल्या ते कुठल्या पुस्तकात सापडणार? दोघींना नोटीस गेली, हरकतीचे पंधरा दिवस झाले, मंडळ अधिकाऱ्यांनी फेरफार मंजूर केला. धाकटीनं सही करण्याआधी कागद दोनदा वाचला. थोरल्या भावाचं तोंड त्या दिवशी कसं झालं होतं, ते इथं लिहीत नाही.

त्यानंतर मी प्रोग्रॅम बदलला. आता तो गावच्या सगळ्या गटांशी यादी ताडून पाहतो आणि मधला एखादा गट गळला, शेजारच्या दोघांचं नुकसान असून याचं नाही, असं दिसलं की ओरडतो. ही युक्ती तुमची आहे, काकाजी. यादीत एक रकानाही वाढवलाय: "काकाजींना विचारणे". शेजारच्या सजावरच्या मित्राला ती फाइल दिली तेव्हा तो म्हणाला, बाकी सगळं चालतं रे, पण हा काकाजी मी कुठून आणू?

इतकी वर्षं मानधनावर, चतुर्थ श्रेणीची मागणी करत करत, तुम्ही प्रत्येक नव्या पटवाऱ्याला शिवार दाखवलं. मला दाखवलंत, त्याबद्दल मनापासून आभार.

एक मागणं आहे. तुम्ही निवृत्त व्हायच्या आत संध्याकाळी चावडीत बसू. तुम्ही गटानं सांगत जा, मी लिहून घेतो. सुरुवात नाल्यापासून करू. चहा माझ्याकडं.

आपला,
पटवारी