गोळी उशिरा नको, चहातूनही नको

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

२४ मे हा जागतिक स्किझोफ्रेनिया दिन. ‘मन मोकळं करा, कुणाशी तरी बोला’ हे आवाहन अशा दिवशी सगळीकडे होतं आणि ते योग्यच आहे. मात्र या आजारात खोलीत कुणी नसताना ज्याला माणसं बोललेली ऐकू येतात, शेजारचे आपल्या जिवावर उठले आहेत अशी ज्याची खात्री झालेली असते, त्याचं नुसतं बोलून भागत नाही. त्याला औषध लागतं, आणि ते पहिल्या काही महिन्यांत लागतं. घरचे लोक त्याला बाह्यरुग्ण विभागात घेऊन येतात तोवर ते महिने बहुतेकदा हातचे गेलेले असतात. म्हणून हे पत्र.

हा आजार साधारण १६ ते ३० या वयात डोकं वर काढतो, मुलींमध्ये काहीसा उशिरा. आधी झोप उलटी होते: रात्रभर जाग, दुपारी झोप. अभ्यासात बरा असलेला मुलगा एकामागून एक विषय घालवतो, मित्रांचे फोन उचलत नाही, आंघोळ टाळतो. मग मोबाइलच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लागते, खिडकीच्या फटींत कागद कोंबले जातात, आईने वाढलेलं ताट बाजूला सारून बंद पुड्यातली बिस्किटं तेवढी खाल्ली जातात. एकटाच हसतो, पुटपुटतो. यातली एखादी गोष्ट कुणाच्याही घरात दिसेल. पण तीन-चार गोष्टी एकदम आल्या आणि दोन आठवडे टिकल्या, तर थांबू नये.

घरातली पहिली समजूत असते प्रेमभंगाची, नाहीतर मोबाइलच्या नादाची. दुसरी, कुणीतरी करणी केल्याची. देवऋषी तीन अमावास्या सांगतो, उतारा होतो, ताईत येतो. तेवढ्यात तीन महिने गेले. मग नातेवाईक सुचवतात, ‘लग्न लावून द्या, जबाबदारी पडली की येईल ताळ्यावर.’ आमच्या मते या एका सल्ल्याने जितकं नुकसान केलं आहे तितकं दुसऱ्या कशानेच केलेलं नाही. गोळ्या सुरू असल्या तरी सासरच्यांना कळू नये म्हणून हळदीच्या दिवसापासून त्या बंद, वर चार रात्रींचं जागरण आणि पाहुण्यांची गर्दी. आजार उलटायला आणखी काय लागतं? आणि मग एकाऐवजी दोन घरं होरपळतात.

औषधाविना जितका काळ जातो तितका आजार सावकाश उतरतो, आणि उतरला तरी माणूस पूर्वीइतका सावरेलच असं नसतं. हे जगभरच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. तीन महिन्यांच्या आत उपचार सुरू व्हावेत, असं उद्दिष्ट म्हणूनच धरलं जातं. शिवाय याच काळात कॉलेज सुटतं, नोकरी जाते, मित्र तुटतात. ते गोळीने परत येत नाही. बंगळूरच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत पाहणी केली, तेव्हा गंभीर मनोविकार असलेल्या चारांतले जवळपास तिघे उपचाराबाहेर होते. त्या राज्यांत महाराष्ट्र नव्हता, पण आपल्याकडचं चित्र फार निराळं असेल असं आम्हाला वाटत नाही.

‘तो यायलाच तयार नाही’ ही सगळ्यांची अडचण. आपण आजारी आहोत हे न कळणं या आजारातच आहे, त्याला हट्ट समजू नये. ‘तुझे भास आहेत’ म्हणून वाद घातला की आपणही त्याच्या शत्रूंत जमा होतो. ‘हो, शेजारी वाईटच आहेत’ म्हटलं की संशय पक्का होतो. ‘मला तो आवाज ऐकू येत नाही, पण तुला त्रास होतोय हे दिसतंय’, एवढंच म्हणावं. त्याचं त्याला जे सोसवत नाही तिथून सुरुवात करावी: झोप नाही, डोकं जड आहे, भीती वाटते. ‘झोपेसाठी दाखवून येऊ’ म्हटल्यावर पुष्कळ जण येतात.

चहात, आमटीत गोळी मिसळू नये. जेवणात विष कालवतात असा ज्याचा संशय आहे, त्याला एक दिवस कपाच्या तळाशी पांढरा साका सापडतो. त्या दिवसापासून तो घरचं खाणं सोडतो, आणि त्याचा संशय खरा करून दाखवणारे आपणच असतो. अर्धाच चहा प्यायला तर पोटात औषध किती गेलं हेही सांगता येत नाही. गुण नाही असं समजून डॉक्टर मात्रा वाढवतात.

घरच्यांनी, म्हणजे ज्यांना शुभंकर म्हटलं जातं त्यांनी, पहिल्या भेटीला एक वही न्यावी. बदल कधीपासून, रात्री झोप किती तास, तो नेमकं काय म्हणतो ते त्याच्याच शब्दांत, गांजा-दारू, घराण्यात आणखी कुणाला त्रास. थायरॉइड, साखर, बी-१२ अशा तपासण्या सांगितल्या जातात, त्या टाळू नयेत. ताप, फिट, किंवा घरची माणसं ओळखू न येणं असं काही सोबत असेल तर थेट तातडीच्या विभागात जावं, मेंदूचा संसर्ग असू शकतो. बाळंतपणानंतरच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत बाईची झोप उडाली आणि ती असंबद्ध बोलू लागली, तर तिलाही त्याच दिवशी न्यावं. तोवर तिला बाळाबरोबर एकटं ठेवू नये.

रिस्पेरिडोन किंवा ओलान्झापिन यांपैकी एक औषध बहुधा सुरू होतं. झोप आणि चिडचिड आठवडाभरात बरीच आटोक्यात येते. आवाज आणि संशय ओसरायला चार ते सहा आठवडे लागतात. दहाव्या दिवशी डॉक्टर बदलला की ही मोजणी पुन्हा पहिल्यापासून. आणखी एक. पहिल्या काही दिवसांत कुणाकुणाची मान एका बाजूला वळते, जीभ जड होते, डोळे वर ओढले जातात. बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो, आणि ‘बाहेरचं चवताळलं’ म्हणून रुग्णाला उलट पावली देवऋषाकडे नेतात. हा औषधाचा माहीत असलेला परिणाम आहे. प्रोमेथाझिनचं इंजेक्शन दिलं की बहुतेकदा अर्ध्या तासात मान मोकळी होते. पहिली चिठ्ठी हातात देतानाच हे सांगायला हवं, आणि आम्हा रुग्णालयातल्या लोकांकडूनच ते गर्दीत राहून जातं. पाय एका जागी न ठरणं, हाताला कंप, वजन वाढणं, मुलींची पाळी चुकणं, काहीही झालं तरी लाजू नये. मात्रा कमी करता येते, औषध बदलता येतं.

खरी फसगत तिसऱ्या-चौथ्या महिन्यात होते. मुलगा हसतो-बोलतो, कामाला जाऊ लागतो, आणि घरात सुरू होतं, ‘आता किती दिवस गोळ्या? सवय लागेल.’ या गोळ्यांचं व्यसन लागत नाही. पहिल्याच वेळचा आजार असला तरी बरं वाटू लागल्यापासून निदान एक ते दोन वर्षं औषध चालू ठेवावं लागतं, आणि बंद करायचं ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, हळूहळू उतरवत. अचानक सोडल्यावर बहुतेकदा लगेच काही बिघडत नाही, तिथेच माणूस फसतो. उलटतं ते काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी. तेव्हा गोळीची आठवण कुणालाच राहिलेली नसते. सलग दोन-तीन रात्री झोप उडाली तर पुढच्या तारखेची वाट न पाहता दाखवावं. रोजची गोळी चुकत असेल तर दोन ते चार आठवड्यांतून एकदा घ्यायचं इंजेक्शन मिळतं, त्याबद्दल विचारावं.

मानसिक रुग्णाला साखळीने बांधायला २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याची बंदी आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं, मिरचीची धुरी देणं हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. पण लोक देवऋषाकडे जायचे थांबत नाहीत, हेही खरं. गुजरातमध्ये उनावा इथल्या मीरा दातार दर्ग्यात ‘दवा आणि दुआ’ असा उपक्रम चालतो: मुजावर दुआ करतात आणि तिथेच मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवतात. आपल्या जत्रांच्या गावी हे व्हायला काय हरकत आहे?

जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशात १९९६ पासून आहे. पण तालुक्याच्या गावी मनोविकाराचा डॉक्टर ठरावीक दिवशीच यायचा, आणि नेमकं त्याच दिवशी औषध संपलेलं असेल तर रोज बुडवून आलेली आई रिकाम्या हाताने परत जाते. आमची मागणी साधी आहे. ग्रामीण रुग्णालयांत रिस्पेरिडोन आणि ओलान्झापिन या दोन औषधांचा तीन महिने पुरेल इतका साठा असावा, आणि स्थिरावलेल्या रुग्णाच्या दोन महिन्यांच्या गोळ्या एकदम घरच्यांच्या ताब्यात द्याव्यात.

आपल्या वृत्तपत्राकडेही मागणं आहे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा मोफत क्रमांक हवामानाच्या चौकटीशेजारी रोज छापावा; तिथे चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. आणि गुन्ह्याच्या बातमीत ‘माथेफिरू’ हा शब्द नको. आपल्या मुलाला तोच शिक्का बसेल या धाकाने घरचे लोक दवाखान्याची पायरी चढायला आणखी महिना-दोन महिने लावतात.

आपले,
जिल्हा रुग्णालयाच्या मनोविकार विभागात काम करणारे समाजसेवक व परिचारिका