मुदत ठेव मोडण्याआधी

रत्नागिरी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र दोनदा वाचलं. साडेतीन लाखांची नवी बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, वर सव्वादोन लाखांची ७०-२०० मिमीची झूम लेन्स, त्यासाठी मुदत ठेव मोडायची, आणि वहिनींना तू सांगितलंस की ही गुंतवणूकच आहे, कधीही विकली तरी पैसे परत येतात. कॅमेरा जरूर घे, तुझा हात चांगला आहे. पण वहिनींना सांगितलेलं हे शेवटचं वाक्य मागे घे, कारण ते खरं नाही.

माझा हिशेब उघड मांडतो. २०१३ साली मी कॅननची फाइव्ह-डी मार्क थ्री घेतली, २,२५,००० रुपयांना. २०२२ मध्ये विकली, ४८,०००ला. आयकरात आपण यंत्रसामग्रीवर वर्षाला १५ टक्के घसारा धरतो. त्या हिशेबाने नऊ वर्षांनी तिची किंमत ५२,००० उरायला हवी होती, म्हणजे बाजार आणि सीए जवळपास एकाच आकड्यावर आले. घेणाऱ्याने बॉडीवरचे ओरखडे पाहिलेच नाहीत, आधी शटर काउंट, म्हणजे आजवर किती फोटो काढले तो आकडा, विचारला. कॅननने त्या शटरची क्षमता दीड लाख क्लिक सांगितली होती आणि माझे १,४०,००० झाले होते. लग्नाच्या एका दिवसात शेकड्यांनी क्लिक सहज होतात, त्यामुळे हा आकडा किती भराभर पळतो ते तुला लवकरच कळेल.

बॉडीचं नशीबच तसं आहे रे. १९९९ साली निकॉनची डी-वन आली तेव्हा वर्तमानपत्रांचे फोटोग्राफर तिच्यावर तुटून पडले. पाच हजार डॉलरच्या वर किंमत आणि २.७ मेगापिक्सेल. बॉडीच्या आत सेन्सर आणि प्रोसेसर असतो, आणि त्यांचं वय कॉम्प्युटरसारखं मोजतात. तुझ्या मनात जी कॅननची आर-फाइव्ह आहे ती २०२० सालची. २०२४ मध्ये मार्क टू आली. फोटो काढायला पहिली आजही तितकीच उत्तम आहे, पण विकायला काढलीस तर समोरचा नव्या मॉडेलचं नाव घेऊनच भाव पाडणार.

लेन्सचं तसं नाही. माझी ७०-२०० एफ २.८ मी २०१३ सालीच १,४०,०००ला घेतलेली. गेल्या वर्षी एकाने तिचे ७८,००० देऊ केले. बॉडीचे रुपयामागे चार आण्यांहून कमी राहिले, लेन्सचे निम्म्याच्या वर. पण त्यातही एक मेख आहे, ती म्हणजे माउंट, लेन्स बॉडीला जिथे अडकते ती खोबण.

मामाने दुबईहून आणलेला कॅननचा एई-वन कॅमेरा आठवतो ना, ज्याला हात लावायला आपल्याला बंदी होती? त्याच्यावर एफडी माउंटची ५० मिमी १.४ लेन्स होती. १९८७ साली कॅननने ईएफ माउंट आणला आणि एफडी सोडूनच दिला. जुन्या लेन्सना माउंटपासून फिल्मपर्यंत ४२ मिलिमीटर अंतर लागायचं, नव्या बॉडीत ते ४४ होतं. या दोन मिलिमीटरपायी मधे जादा काच घातल्याशिवाय लांबचा फोकसच बसेना. मामाची लेन्स पुढे कित्येक वर्षं कुणी पाचशेलाही मागितली नाही. मग मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेले कॅमेरे आले. २०१८ मध्ये कॅननच्या आरएफ माउंटमध्ये हे अंतर २० मिलिमीटरवर आलं, आणि साध्या पोकळ अडॅप्टरवर तीच लेन्स पुन्हा चालू लागली. फोकस हाताने करावा लागतो, पण व्हिडिओवाली पोरं हौसेने घेतात. परवा एक जण सहा हजार देत होता. मी नाही दिली.

ईएफ लेन्सचे भाव २०१८नंतर उतरले ते सगळे आरएफ माउंटकडे वळले म्हणून. पण कॅननच्याच अडॅप्टरने त्या नव्या बॉडीवर ऑटोफोकससकट चालतात, म्हणून त्यांची एफडीसारखी गत झाली नाही.

आणि आपला पाऊस! माझी ८५ मिमीची लेन्स मी चामड्याच्या केसमध्ये घालून कपाटात ठेवली आणि दोन पावसाळे विसरलो. नंतर मुंबईला बोरा बाजारात दाखवायला नेली. कारागिराने टॉर्च मारला, काही बोलला नाही, लेन्स माझ्याच हातात दिली. आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी. पुसून निघाली, पण काचेवरचं कोटिंग तिने खाल्लं होतं. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं, पैशापेक्षा जास्त, कारण त्या लेन्सने ताईच्या लग्नातले फोटो काढले होते. परतल्यावर आधी ड्राय कॅबिनेट, म्हणजे आतली हवा कोरडी ठेवणारं कपाट, घेतलं. आता आर्द्रता ४५ टक्क्यांवर ठेवतो. लेन्स घेशील त्याच दिवशी तूही घे, पुढच्या महिन्यावर टाकू नकोस. बिल, खोका, वॉरंटी कार्डही जपून ठेव. विकताना त्यावरून भाव बदलतो.

मग मी बॉडीत बुडालो का? नाही. १,७७,००० गेले, नऊ वर्षांत. वर्षाला वीस हजारांच्याही आत. वर्षाला पंचवीस लग्नं धरली तर एका लग्नामागे आठशे रुपये. वहिनींसमोर हा हिशेब ठेव. तुझी किती कामं पक्की आहेत ते लिही आणि त्यावर भाग. दहाच लग्नं असतील तर नव्या बॉडीचा नाद सोड, तीच आर-फाइव्ह सेकंडहँड घे, आणि ठेव अर्धीच मोड.

लेन्सचं तर आत्ता ठरवूच नकोस. माझी ७०-२०० सध्या कॅबिनेटमध्ये पडून आहे. अडॅप्टर लावून मार्गशीर्षातलं ते एक लग्न तिच्यावर कर, मग बघू. रविवारी ये. येताना टॉर्च आण आणि नेण्याआधी माझ्यासमोर आतून नीट बघून घे.

वहिनींना नमस्कार, छोटीला गोड पापा.

तुझाच,
जुना मित्र