कोइरेंगेईच्या धावपट्टीने शंभरी गाठेपर्यंत वाट पाहायची?

माननीय केंद्रीय सांस्कृतिक मंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

इंफाळच्या उत्तरेला, दिमापूर रस्त्यालगत कोइरेंगेईची जुनी धावपट्टी आहे. महायुद्धात तिला ‘इंफाळ मेन’ म्हणत. आम्ही गेलो तेव्हा एक मुलगी तिथे स्कूटर शिकत होती आणि वडील धापा टाकत मागून पळत होते. लोक जागा वापरतात हे उत्तमच. काळजी वेगळीच आहे.

मार्च 1944च्या अखेरीस जपानी फौजेने कोहिमाचा रस्ता तोडला, तो 22 जूनला मोकळा झाला. तोवर इंफाळ खोऱ्यात अडकलेल्या सुमारे दीड लाख माणसांचा शिधा, दारूगोळा, औषधं विमानांतूनच उतरली. त्याआधी ब्रह्मदेशातल्या आराकानच्या आघाडीवरून ब्रिटिश हिंदी सैन्याची पाचवी डिव्हिजन तोफा आणि खेचरांसकट विमानांनी इकडे आणली होती. (खेचरांना विमानात कसं चढवलं असेल, देव जाणे!) या वेढ्यात अर्जन सिंग यांची हरिकेन विमानांची स्क्वॉड्रन इंफाळमधूनच लढली. धावपट्टीवर नजर रोखून असलेली नुंगशिगुमची टेकडी जपान्यांनी घेतली, तेव्हा 13 एप्रिलला त्या उभ्या चढावर रणगाडे चढवले गेले. गोरे अधिकारी एकामागून एक पडले. मग डोग्रा पलटणीचे सुभेदार रणबीर सिंग पुढे झाले आणि टेकडी परत मिळाली.

आम्हा मराठी माणसांचा जीव आणखी एका गावात अडकलेला आहे. उखरूलकडच्या सांगशाकला, खंदकही धड खणता येईना अशा खडकावर, मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी पलटण गुरखा छत्रीधारी सैनिकांच्या जोडीने 26 मार्चपर्यंत झुंजली. पाण्याचे हाल, वरून टाकलेली रसद बरीचशी शत्रूच्या हाती. त्याच दिवसांत पाचव्या डिव्हिजनची विमानं खोऱ्यात उतरत होती.

रेड हिलजवळचं इंफाळ शांतता संग्रहालय 2019 साली जपानी संस्थेच्या मदतीने उभं राहिलं, ते आवर्जून पाहावं असं आहे. पण काचेआडचं गंजकं हेल्मेट सांभाळणं सोपं. मैलभर लांबीची मोकळी जमीन कोण सांभाळणार? 1958चा आपला स्मारक कायदा शंभर वर्षं पूर्ण झाल्याशिवाय केंद्राचं संरक्षण देत नाही. म्हणजे 1940च्या दशकातल्या धावपट्टीने अजून बरीच वर्षं कळ काढायची. शहरालगतची सपाट जागा तोवर शिल्लक राहते होय?

मे 2023 पासून मणिपूरने जे भोगलंय ते पाहता ही मागणी काहींना चैनीची वाटेल. माणसं आधी आपापल्या घरी परतली पाहिजेत, यात वादच नाही. पण मोजणी करून हद्द कायम करायला काही कोटी लागत नाहीत. महायुद्धकाळातल्या जागांसाठी शंभर वर्षांची अट शिथिल करणारी दुरुस्ती आपलं मंत्रालय मांडू शकतं. आणि धावपट्टीच्या तोंडाशी मणिपुरी, हिंदी, इंग्रजीत ठसठशीत फलक हवा. त्यावर नुंगशिगुम आणि सांगशाक कोणत्या दिशेला, तेवढे बाण जरूर काढावेत.

उत्तराची वाट पाहतो.

कळावे,
आपला,
पुण्याचा एक निवृत्त इतिहास शिक्षक