शिशाचे नळ गल्लीवार बदला : शिकागोच्या महापौरांना खुले पत्र

प्रति,
मा. ब्रँडन जॉन्सन,
महापौर, शिकागो शहर

विषय : घरांना पाणी आणणारे शिशाचे नळ अर्जांवर न बदलता रस्तावार बदलण्याबाबत

महोदय,
स. न.

रस्त्याखालच्या मुख्य जलवाहिनीपासून घरापर्यंत पाणी आणणारे चार लाखांहून जास्त नळ शिकागोत शिशाचे आहेत किंवा तसे असावेत असा संशय आहे. अमेरिकेतल्या दुसऱ्या कुठल्याही शहरात इतके नाहीत. याचे मूळ शहराच्याच नियमावलीत आहे. 1986 साली संघीय कायद्याने बंदी घालेपर्यंत लहान इमारतींना शिशाचाच नळ घाला, अशी शिकागोची सक्ती होती. घरमालकांनी हे नळ हौसेने घातलेले नाहीत. तरी आज अर्ज त्यांनी करायचा, उत्पन्नाचे दाखले त्यांनी जोडायचे आणि अटीत बसले नाहीत तर प्लंबरही त्यांनीच शोधायचा. आमची मागणी एकच आहे : हा अर्जांचा कारभार बंद करा आणि एकेक रस्ता हातात घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळे नळ बदलून टाका.

2025 साली शहराने इलिनॉय राज्याला दिलेल्या आराखड्यात 2027 पासून वर्षाला सुमारे 8,300 नळ बदलायचे आणि 2076 साली काम संपवायचे असे लिहिले आहे. राज्याच्या कायद्यात हे बसते. ऑक्टोबर 2024 च्या संघीय नियमात बसत नाही. त्या नियमात बहुतेक शहरांना दहा वर्षे आहेत आणि शिकागोसारख्या प्रचंड संख्येच्या शहराला साधारण वीस. म्हणजे वर्षाला वीस हजारांवर नळ हवेत. सध्याच्या पद्धतीने हा वेग गाठता येणार नाही, कारण खर्च आणि वेळ कुठे जातो ते कामाच्या जागी उभे राहिले की लगेच कळते.

एका घराचे काम घ्या. आधी 811 या खुदाईपूर्वी कळवण्याच्या फोनवर कळवून जमिनीखालच्या गॅस, वीज आणि केबल यांच्या खुणा करून घ्यायच्या. मग रस्ता अडवायचा परवाना, गाड्या न लावण्याच्या पाट्या, बॅरिकेड. मुख्य वाहिनीजवळ खड्डा. इथल्या थंडीत पाणी गोठू नये म्हणून ती पुरुषभर खोल असते, त्यामुळे खड्ड्याच्या भिंतींना आधार द्यावाच लागतो. दुसरी खुदाई पदपथ आणि रस्ता यांच्यामधल्या हिरवळीच्या पट्टीत, बी-बॉक्सपाशी, म्हणजे घराचे पाणी बंद करण्याची चावी असते तिथे. तिसरी जागा बेसमेंटमध्ये : समोरच्या भिंतीलगतचे काँक्रीट फोडून जुना नळ मोकळा करायचा. या ठिकाणांमधून जमिनीखाली भोक पाडून तांब्याचा नवा नळ ओढायचा, मुख्य वाहिनीला नवी जोडणी द्यायची, आतल्या मुख्य व्हॉल्व्हला जोडायचे, खड्डे भरायचे, डांबर आणि पदपथ पूर्ववत करायचे. प्रत्यक्ष नळ ओढणे हे यातले सगळ्यात छोटे काम. चांगली टोळी ते काही तासांत उरकते. बाकी सगळे यंत्रे आणणे, रस्ता अडवणे आणि पुन्हा बुजवणे. शिकागोत एका जोडणीला सुमारे 30,000 डॉलर पडतात असे सांगितले जाते, त्यातला मोठा वाटा याच गोष्टींचा आहे.

आज या घराचा अर्ज मंजूर होतो, सहा महिन्यांनी चार घरे सोडून पुढच्याचा. तोच रस्ता पुन्हा अडवायचा, तीच यंत्रे पुन्हा आणायची. एका रस्त्यावरची तीस घरे सलग घेतली तर परवाना एक, वाहतुकीची व्यवस्था एक आणि शेवटी डांबराचा थरही एकदाच. हे गणित कुठल्याही कंत्राटदाराला विचारा.

आणि डांबराचे काय! प्रभागातल्या कामांसाठी नगरसेवकांना दर वर्षी मिळणाऱ्या ‘मेन्यू’ निधीतून रस्ता गुळगुळीत होतो आणि मागोमाग पाणी खाते तो फोडायला येते. मुंबई-पुण्याकडून आलेल्या माणसाला यात नवल वाटत नाही, पण ती नक्कल करण्यासारखी गोष्ट नव्हे. पन्नास प्रभागांच्या डांबरीकरणाच्या याद्या आणि शिशाच्या नळांचा नकाशा एकाच टेबलावर आले, तर निम्मी भांडणे तिथेच मिटतील. आधीची संधी शहराने घालवलेली आहे. 2012 नंतर शेकडो मैल मुख्य वाहिन्या नव्या घातल्या गेल्या आणि खड्डा उघडा असतानाच त्यांना पुन्हा जुने शिशाचे नळ जोडले गेले.

त्यात आरोग्याचाही तोटा आहे. शिशाच्या नळाच्या आत वर्षानुवर्षे एक पापुद्रा बसतो. पाण्यात मिसळलेले फॉस्फेट तो धरून ठेवते आणि त्यामुळे शिसे विरघळणे कमी होते. शेजारी खोदकाम झाले, नळाला हादरा बसला किंवा तो मधेच कापला की पापुद्र्याचे तुकडे सुटतात आणि कित्येक दिवस, कधी महिनेही, पाण्यातून येत राहतात. अर्धा नळ बदलून अर्धा तसाच ठेवणे म्हणूनच सगळ्यात वाईट. तांबे आणि शिसे जिथे भिडतात तिथे झीज वाढते ती वेगळीच. राज्याच्या 2021 च्या कायद्याने असा अर्धवट बदल जवळजवळ बंद केला, हे बरे झाले. पाण्याचे मीटर बसवण्याच्या कामाने काही घरांत शिसे वाढल्याचे दिसल्यावर 2019 मध्ये ते काम शहराला थांबवावे लागले होते, याची आठवण आपल्या अधिकाऱ्यांना असेलच.

शहराने घेतलेले पाण्याचे नमुने शिशाच्या मर्यादेत बसतात, असे उत्तर नेहमी मिळते. ते खरे आहे, पण नमुना कुठला घेतला ते पाहावे लागते. पाऊण इंची नळात मीटरमागे पाव लिटरहून थोडे जास्त पाणी मावते. मुख्य वाहिनीपासून बेसमेंटपर्यंत पंधरा-वीस मीटर अंतर असेल, तर चार ते सहा लिटर पाणी रात्रभर शिशाला टेकून उभे असते. सकाळी पहिला लिटर येतो तो स्वयंपाकघराच्या आतल्या नळांतला. शिशातले पाणी त्याच्या मागून येते. ईपीएच्या, म्हणजे संघीय पर्यावरण संस्थेच्या, तज्ज्ञांनी 2013 साली शिकागोतल्याच घरांत हे दाखवून दिले होते. 2024 च्या नव्या संघीय नियमात पहिला आणि पाचवा असे दोन्ही लिटर तपासून जास्त येईल तो आकडा धरायचा आहे, आणि मर्यादाही अब्ज भागांत 15 वरून 10 वर येणार आहे. तेव्हा आजच्या आकड्यांवर विसंबू नका.

न्यू जर्सीतल्या नेवार्क शहराचे उदाहरण आपण ऐकले असेलच. 2019 मध्ये त्या शहराने ठराव करून मालकाच्या सहीची अट काढून टाकली, घरात राहणाऱ्याने दार उघडले तरी पुरे असे ठरवले, कोणाकडून एक पैसा घेतला नाही आणि कर्जरोख्यांतून पैसे उभे करून तीन वर्षांच्या आत सुमारे 23,000 नळ बदलले. ऐन भरात दिवसाला शंभरावर. शिकागोचा आकडा त्याच्या सतरा-अठरा पट आहे, हे मान्य. पण नेवार्कचा वेग पैशांपेक्षा त्या ठरावाने वाढला. मालक दुसऱ्या गावी, सही मिळत नाही, फोन उचलत नाही, या कारणांनी रस्त्यावरची दोन घरे सुटली की टोळीला परत यावे लागते आणि बचत तिथेच संपते. इलिनॉयमध्ये मालकाला नकार लिहून देता येतो. तो नकार भाडेकरूच्या मुलाच्या वतीनेही दिला जातो, हा त्यातला अन्याय.

भाडेकरूंचा प्रश्न इथे विशेष आहे. कमी उत्पन्नाच्या घरांसाठी शहराची मोफत योजना आहे, पण मालक स्वतः तिथे राहत असला पाहिजे. टू-फ्लॅटचा मालक उपनगरात आणि दोन्ही मजल्यांवर भाडेकरू, हे चित्र पश्चिम आणि दक्षिण भागांत ठिकठिकाणी दिसते. ती घरे या योजनेत येत नाहीत. मालकाने स्वतः काम करून घेतले तर शुल्कात सूट मिळते, पण उरलेल्या खर्चाचा आकडा पाहून कोण पुढे येणार?

आता रहिवाशांना जायच्या पत्रांबद्दल. शिशाच्या नळांची यादी तयार झाल्यावर तीस दिवसांत रहिवाशांना कळवणे नियमाने बंधनकारक होते. मालक आणि भाडेकरू मिळून सुमारे नऊ लाख पत्रे जायची होती. 2024 च्या नोव्हेंबरची मुदत उलटून सात महिने झाले तरी दहात एकालाही पत्र मिळाले नव्हते. आमच्या या खुल्या पत्राची इंग्रजी प्रत आपल्या कार्यालयाकडे स्वतंत्रपणे पाठवली आहे. मराठीत ते छापण्याचे कारण असे की मुलीच्या बाळंतपणासाठी किंवा नातवंडांसाठी सहा-सहा महिने राहायला येणारे आई-वडील इंग्रजी नोटीस वाचत नाहीत, आणि पहाटे उठून पहिले भांडे तेच भरतात.

त्यांच्यासाठी इथेच लिहितो. पाणी उकळून शिसे जात नाही, उलट आटल्याने वाढते. गरम नळाचे पाणी चहाला, डाळीला किंवा बाळाच्या दुधाच्या पावडरीला घेऊ नये. सहा तास नळ बंद असेल तर आधी पाच मिनिटे पाणी वाहू द्यावे. त्या वेळात आंघोळ किंवा कपडे उरकले तर पाणी वाया जात नाही. जगवाला फिल्टर घेताना त्यावर एनएसएफ 53 हे प्रमाणन आणि शिशाचा स्पष्ट उल्लेख पाहावा. कार्ट्रिज मुदतीत न बदलल्यास त्याचा भरवसा नाही. नळाच्या तोंडची जाळी काढून धुवावी, तुकडे तिथेच अडकतात. बेसमेंटमध्ये नळ आत येतो तिथे किल्लीने हलके खरवडावे : चकाकता रुपेरी रंग दिसला आणि चुंबक चिकटला नाही तर ते शिसे. 311 या शहराच्या मदत क्रमांकावर फोन करून तपासणीच्या बाटल्या मोफत मागवता येतात. मुलाच्या रक्तात शिसे निघाले तर डॉक्टरांना घरची हळद आणि काजळही सांगावे, दोष नेहमी नळाचाच असतो असे नाही. नेपरव्हिल-शॉम्बर्गसारख्या उपनगरांतल्या वाचकांनी घराचे बांधकाम कुठल्या साली झाले ते पाहावे. पाणी त्याच मिशिगन सरोवराचे असले तरी 1986 नंतरच्या घरात हा नळ सहसा नसतो.

महोदय, पैशांचा मुद्दा आम्ही टाळत नाही. 2021 च्या संघीय कायद्यातले शिशाच्या नळांसाठीचे 15 अब्ज डॉलर साऱ्या देशासाठी आहेत आणि त्यांची पाच वर्षे 2026 च्या आर्थिक वर्षात संपतात. शहराला 2023 मध्ये तीस कोटी डॉलरहून मोठे संघीय कर्ज मंजूर झाले, तेवढ्यात 30,000 पर्यंत नळ करायचे होते, पण वर सांगितलेल्या खर्चाने त्याच्या निम्मेही होणार नाहीत. म्हणूनच एका नळाचा खर्च खाली आणणे हाच मार्ग उरतो, आणि तो रस्तावार कामातूनच खाली येतो.

तेव्हा पुढच्या अर्थसंकल्पाआधी तीन गोष्टी कराव्यात. मालकाच्या सहीवाचून टोळीला घरात प्रवेश देणारा ठराव नेवार्कच्या धर्तीवर नगरसभेसमोर आणावा. कुठल्या रस्त्याचे काम कोणत्या वर्षी, याचा नकाशा डांबरीकरणाच्या याद्यांसह जाहीर करावा, आणि त्यात लहान मुले व भाडेकरू जास्त असलेले विभाग आधी घ्यावेत. प्रत्येक घरी नळ बदलल्यावर सगळ्या जाळ्या काढून, खालच्या मजल्यापासून सुरुवात करून निदान अर्धा तास पाणी सोडणे, सहा महिन्यांचे फिल्टर देणे आणि तीन ते सहा महिन्यांनी पुन्हा नमुना घेणे हे कंत्राटाच्या बिलात स्वतंत्र बाब म्हणून लिहावे. ही बाब बिलात नसेल तर टोळी खड्डा बुजवून निघून जाते.

आपले,
पाणीपुरवठा आणि प्लंबिंगच्या कामातले काही मराठी शिकागोकर