सुटीतला माग

संपादक महोदय,
माझी नात खो-खो खेळते. हंगाम संपल्यावर मे महिन्यात उन्हाळी शिबिराला न पाठवता तिला घरीच ठेवले, तर गल्लीतले लोक 'सराव बुडतोय की!' म्हणून मलाच बोल लावतात. सोलापूरच्या चाळीस अंशांच्या वरच्या उन्हात पोरीच्या गुडघ्यांनाही विसावा नको का? (बोलणारे स्वतः पंख्याखालून हलत नाहीत, ते असो.) ती सध्या पूर्व भागातल्या आमच्या घरात जुन्या हातमागावर बसते. ताण्याचा, म्हणजे उभा, धागा तुटला की पूर्वी चिडायची. आता मुकाट्याने गाठ मारते आणि पुन्हा आडवा धागा नेणारा धोटा फेकते. टॉवेल वाकडाच निघालाय. जूनमध्ये मैदान सुरू होईल, तेव्हा तोच घेऊन जाणार म्हणते.
– एक आजोबा, सोलापूर