आधी त्यांचा माणूस निवडू द्या, मग सिनियॉरिटीची यादी करा

संपादक साहेब, नमस्कार,

मी ठाण्याचा. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात तेहतीस वर्षं नोकरी केली, त्यातली अकरा वर्षं युनियनच्या कमिटीवर होतो. विमानांशी माझा संबंध म्हणजे भाचा पायलट आहे एवढाच. त्याची कंपनी एका मोठ्या एअरलाइनमध्ये जाणार असं ठरलं तेव्हा त्याने फोन केला, म्हणाला मामा, आमच्यातून प्रतिनिधी निवडायचा म्हणतायत, म्हणजे नक्की करायचं काय, आमच्याकडे तर कधी युनियनच नव्हती, आणि तिकडे जुनी युनियन आहे ती आम्हाला मत देऊ देईल का. त्या एका प्रश्नावर आम्ही दीड तास बोललो आणि तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही म्हणून लिहितोय. विलीनीकरणाच्या बातम्यांत शेअर किती टक्के, विमानं किती, नवीन रंग कोणता सगळं येतं, पण ज्यांच्याकडे युनियनच नाही त्या पायलटांच्या वतीने बोलणीला कोण बसणार हे कुठे वाचायला मिळत नाही, आणि भांडणाचं मूळ तिथेच असतं हे मी स्वतः बघितलंय.

कारखान्यात सिनियॉरिटी म्हणजे प्रमोशन कोणाला आणि कपात आली तर आधी घरी कोण. पायलटांचं तसं नाही हे मला भाच्याने समजावलं. त्या यादीतल्या नंबरावर त्याचं सगळं चालतं, एफओचा (फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिकाचा) कॅप्टन कधी होणार, छोट्या विमानावरून मोठ्यावर जायला मिळणार का, मुंबई बेस मिळणार की बायकापोरं इथे आणि हा दुसऱ्या शहरात खोली घेऊन राहणार, दिवाळीची रजा कोणाला आणि दिवाळीची नाइट फ्लाइट कोणाला. आता दोन कंपन्यांच्या दोन याद्या एकत्र करायच्या म्हटल्या की प्रश्न येतो, नोकरीला लागल्याची तारीख धरायची की दोन्ही याद्या प्रमाणात एकमेकांत मिसळायच्या, की धाकट्या कंपनीची सगळी माणसं सरळ शेवटी जोडून द्यायची. जुन्या कंपनीत पंधरा वर्षं काढूनही एफओ असलेला माणूस असतो आणि नवीन वाढत्या कंपनीत पाच वर्षांत कॅप्टन झालेला पोरगा असतो, दोघांचंही म्हणणं आपापल्या जागी बरोबरच वाटतं, म्हणून तर दोघांच्याही बाजूने बोलणारा माणूस लागतो.

आपल्याकडे हे घडून गेलेलं आहे. २००७ मध्ये एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स एकत्र केल्या. एअर इंडियाच्या पायलटांची इंडियन पायलट्स गिल्ड आणि इंडियन एअरलाइन्सच्या पायलटांची इंडियन कमर्शियल पायलट्स असोसिएशन, दोन्ही जुन्या आणि दोन्ही ताकदवान, पण कंपनी एक झाली तरी पायलटांचं एक टेबल काही झालं नाही. २०११ मध्ये असोसिएशनवाले दहा दिवस संपावर गेले, का, तर काम तेच मग पगार वेगळा कशाला. पुढच्याच वर्षी गिल्डवाले गेले, ड्रीमलायनर या नव्या मोठ्या विमानाचं ट्रेनिंग इंडियन एअरलाइन्सच्या पायलटांना दिलं तर आमची कमांड, म्हणजे कॅप्टन होणं, मागे जाईल या भीतीने, तो संप ५८ दिवस चालला, शंभराच्या वर पायलटांना कामावरून काढलं, दोन्ही संपांत त्या त्या संघटनेची मान्यता गेली. मधल्या काळात न्यायमूर्ती धर्माधिकारी समिती नेमली आणि २०१२ च्या जानेवारीत तिचा अहवाल आला, म्हणजे विलीनीकरणाला चार वर्षं उलटून गेल्यावर पगार आणि बढत्या जुळवायच्या कशा हे कागदावर आलं! दोन्हीकडे युनियन असून ही गत. मग एका बाजूला युनियन आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही, तिथे काय होणार?

तेही २०२४ मध्ये दिसलंच. विस्तारा या एअरलाइनच्या पायलटांना युनियन नव्हती. एअर इंडियात जायच्या आधी पगाराची नवीन रचना आली, पूर्वी महिन्याला ७० तास उड्डाणाचा पक्का पगार होता त्याऐवजी ४० तासांचा. बोलायचं कोणाशी आणि कोणी, तर कोणीच नाही, मग एप्रिलमध्ये पायलट एकामागून एक आजारी म्हणून रजेवर गेले, फ्लाइट रद्द व्हायला लागल्या, शेवटी कंपनीने रोजची साधारण १० टक्के उड्डाणं कमी केली. प्रवाशांचे हाल झाले आणि मी त्याचं समर्थन अजिबात करत नाही, पण ज्या माणसाला बोलायला दुसरी जागाच ठेवलेली नाही तो असाच बोलणार. त्यानंतर महिन्याभरात एअर इंडिया एक्स्प्रेसच्या केबिन क्रूने पण तेच केलं, तिथेही एअरएशिया इंडिया आत घ्यायचं चाललेलं होतं, शंभराच्या वर फ्लाइट रद्द झाल्या, २५ जणांना काढलं. फरक एवढाच की त्यांच्याकडे युनियन होती. ९ मे ला दिल्लीत मुख्य कामगार आयुक्तांसमोर दोन्ही बाजू बसल्या आणि काढलेल्यांना परत घ्यायचं ठरलं. समोर बसायला निवडलेली माणसं होती म्हणून दोन-तीन दिवसांत मिटलं.

अमेरिकेत हे प्रकार आपल्यापेक्षा जास्त वेळा झालेत त्यामुळे तिकडचं थोडं सांगतो. २००५ मध्ये अमेरिका वेस्ट आणि यूएस एअरवेज एकत्र आल्या, दोन्हीकडचे पायलट एकाच मोठ्या युनियनचे, यादीचा वाद लवादाकडे गेला, २००७ मध्ये लवादाने निकाल दिला, तो यूएस एअरवेजच्या जुन्या पायलटांना पटला नाही आणि डोकी त्यांची जास्त होती, तर त्यांनी २००८ मध्ये मतदान करून ती युनियनच बदलून टाकली आणि लवादाची यादी बाजूला ठेवली. त्याचा परिणाम असा की २०१३ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सबरोबर जायची वेळ आली तोपर्यंत एका कंपनीत दोन गट दोन वेगळ्या करारांवर उडत होते. नुसतं बहुमत मोजलं की असं होतं. मतदान सगळ्यांचं झालं म्हणजे न्याय झाला असं मलाही एके काळी वाटायचं.

दुसरं उदाहरण डेल्टा आणि नॉर्थवेस्टचं, २००८. पायलट दोन्हीकडचे युनियनचे होते, त्यांनी विलीनीकरण पूर्ण व्हायच्या आधीच बसून एक करार केला आणि यादी त्याच वर्षाच्या शेवटी लवादाकडून करून घेतली. पण केबिन क्रूचं बघा, नॉर्थवेस्टकडे कित्येक दशकांची युनियन, डेल्टाकडे नाही, आणि डेल्टावाले संख्येने जास्त. २०१० मध्ये युनियन हवी की नको यावर सगळ्यांचं मतदान झालं आणि युनियन ३२८ मतांनी हरली, अठरा हजारांच्या वर मतं पडली होती त्यात फक्त ३२८. नॉर्थवेस्टच्या लोकांची जुनी युनियनसुद्धा त्यात गेली. आपल्याकडच्या जुन्या पायलट संघटनांनी हे नीट वाचावं असं मला मनापासून वाटतं, कारण ‘ते बिनयुनियनवाले आहेत, त्यांना काय विचारायचं’ असं म्हणून चालत नाही, उद्या तीच माणसं तुमच्या शेजारच्या सीटवर बसणार आहेत आणि मत त्यांनाही आहे. आणि अमेरिकेत २००७ च्या शेवटी कायदाच झालाय की दोन एअरलाइन एकत्र झाल्या तर सिनियॉरिटी न्याय्य पद्धतीने जुळवायची, नाही जमलं तर लवाद, आणि यात युनियन नसलेला गटही येतो, त्यालाही आपल्या वतीने माणसं पाठवता येतात. आपल्याकडे असं काही नाही.

आता माझं सांगतो, म्हणजे मी एवढं का बोलतोय ते कळेल. आमच्या कंपनीने नाशिककडचा एक छोटा कारखाना घेतला, मशिनं आणि सव्वाशे माणसं ठाण्याला आणली. तिथे युनियन नव्हती. कंपनीची नावं नकोत, आता ती तशी राहिलेलीही नाही. आम्ही कमिटीवाल्यांनी ठरवलं की नवीन लोकांना पावती फाडून मेंबर करून घ्यायचं पण कमिटीची निवडणूक ठरल्याप्रमाणे दोन वर्षांनीच, तोपर्यंत त्यांच्या वतीने आम्हीच बोलू, आम्हाला अनुभव आहे. आणि बोललो. सिनियॉरिटीची यादी झाली त्यात त्यांची नोकरी ठाण्याला आले त्या तारखेपासून धरली. त्या यादीवर माझीही सही आहे. एकोणीस वर्षं नोकरी झालेला एक टर्नर होता त्यांच्यात, शांत माणूस, तो सेकंड शिफ्ट सुटल्यावर माझ्यासाठी सायकल स्टँडजवळ थांबला आणि विचारलं, भाऊ, त्या मीटिंगला आमच्यातलं कोण होतं? मी काही बोलू शकलो नाही. सहा महिन्यांत त्यांनी दुसरी युनियन आणली, गेटवर दोन बोर्ड लागले, दोन द्वारसभा व्हायला लागल्या, मॅनेजमेंटला ते हवंच होतं, पुढचा पगारवाढीचा करार तीन वर्षं लटकला आणि नुकसान दोघांचंही सारखंच झालं. आम्ही वाईट हेतूने नव्हतं केलं हे मी आजही सांगेन, पण त्यांच्या वतीने बोलायचा अधिकार आम्हाला त्यांनी दिला नव्हता, तो आम्ही घेतला होता.

म्हणून भाच्याला जे सांगितलं तेच इथे लिहितो. पहिली निवडणूक फक्त बिनयुनियनच्या गटाची व्हावी, त्यांचं मत, त्यांचे उमेदवार, त्यात जुन्या युनियनने किंवा मॅनेजमेंटने माणूस नेमायचा नाही. एचआरने चार ‘समन्वयक’ निवडून मीटिंगला बोलावले तर ते प्रतिनिधी नाहीत, चांगली माणसं असली तरी नाहीत. ही निवडणूक यादीची बोलणी सुरू व्हायच्या आधी व्हायला पाहिजे, नंतर होऊन उपयोग शून्य. जागा वाटताना बेस बघा, कारण दिल्लीच्या माणसाला मुंबईच्या भाड्याचं काय कळणार, विमानाचा प्रकार बघा, आणि एफओंच्या जागा वेगळ्या ठेवाच ठेवा. नाहीतर सगळे कॅप्टनच निवडून येतात, पोरं कॅप्टनसमोर उभं राहायला बिचकतात, रोज त्याच्याच शेजारी बसायचं असतं ना, आणि यादीचा फटका तर सगळ्यात लांबवर त्या पोरांनाच बसणार असतो, त्यांची पुढची तीसेक वर्षं त्या नंबरावर आहेत.

मतदान गुप्त पाहिजे, व्हॉट्सअॅप ग्रुपवर अंगठा दाखवून नाही. बिनयुनियनच्या कंपनीतल्या लोकांना सगळ्यात मोठी भीती हीच असते की आपलं नाव वर जाईल आणि मग कमांड अपग्रेडला काहीतरी निघेल. शिवाय पायलट एका दिवशी एका जागी कधीच नसतात, कोणी लेओव्हरला, कोणी सिम्युलेटरला, तेव्हा मतदान आठ-दहा दिवस उघडं ठेवा, ऑनलाइन ठेवा, आणि चालवायला दोन्ही बाजूंच्या बाहेरचा माणूस घ्या, एखादे निवृत्त न्यायाधीश किंवा कामगार खात्यातले निवृत्त अधिकारी. अशक्य नाही हे. रेल्वेने डिसेंबर २०२४ मध्ये देशभरात युनियनच्या मान्यतेसाठी गुप्त मतदान घेतलं, मुंबईत मध्य आणि पश्चिम दोन्ही रेल्वेवर झालं, मोटरमन, गार्ड, गँगमन सगळ्यांनी पाळ्या सांभाळून मतं दिली. मग काही हजार पायलटांचं का नाही होणार? पुढे दोघांची मिळून निवडणूक झाली की ती एकत्रच व्हावी, पण यादी पक्की होईपर्यंत त्या गटाच्या जागा राखीव ठेवाव्यात. आणि यादीपुरती तरी दोन्ही बाजूंची माणसं वेगवेगळी बसावीत, अमेरिकेत एकाच युनियनच्या आत असं करतात, प्रत्येक गटाची वेगळी मर्जर कमिटी असते. एकाच माणसाने दोघांची वकिली करायची नाही.

जुने मेंबर म्हणतील आम्ही तीस वर्षं वर्गणी भरली, लाठ्या खाल्ल्या, नोकरी घालवली, आणि हे आयते येऊन बसणार. मला तो राग कळतो, मीही तेच बोललो होतो. पण आता हिशोबही बदललाय. आमच्या वेळी १९७१ च्या महाराष्ट्राच्या कायद्याखाली ३० टक्के मेंबर असले की मान्यता मिळायची. एअरलाइन केंद्राकडे येतात आणि केंद्राचा औद्योगिक संबंध संहिता हा नवीन कायदा २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालाय, त्यात अनेक युनियन असतील तर एकटीने वाटाघाटी करायला ५१ टक्के लागतात, कोणाचेच तेवढे नसतील तर २० टक्क्यांवरच्या युनियनची मिळून कौन्सिल. म्हणजे जुन्या कंपनीत तुमचे साठ टक्के असले तरी नवीन माणसं आत आली की टक्का खाली येतो, आणि तो ५१ पर्यंत न्यायचा तर सह्या त्यांच्याच लागणार. त्यात वरून सिनियर पायलटांना मॅनेजमेंटमध्ये धरायचा प्रश्न आहेच, एप्रिल २०२३ मध्ये एअर इंडियाने नवीन करार आणला तेव्हा गिल्ड आणि असोसिएशन दोन्हींची तक्रार हीच होती की सिनियर कमांडर म्हणून वर घेतलं की माणूस युनियनच्या बाहेर गेला.

आणि भाच्यासारख्या पोरांनाही सांगायचंय. आम्ही प्रोफेशनल, युनियन कामगारांची असते, हे तो पण म्हणायचा. लाखांत पगार असला तरी रोस्टर तुझं तू ठरवत नाहीस आणि नंबरही नाही, मग तू कोण झालास? उभा राहा निवडणुकीला, नाहीतर जो उभा राहतोय त्याला चार प्रश्न विचार, यादीबद्दल तुझं मत काय, बैठकीत काय झालं ते आम्हाला किती दिवसांत लिहून कळवणार, आणि तुला परत बोलवायचं झालं तर कसं बोलवायचं. तो या वेळी उभा राहायचं म्हणतोय, बायको नको म्हणतेय, बघू.

माझी मागणी छोटी आहे. ज्या ज्या एअरलाइनमध्ये असं एकत्रीकरण चालू आहे किंवा होणार आहे तिथल्या जुन्या संघटनांच्या जनरल सेक्रेटरींनी यादीच्या पहिल्या बैठकीला जायच्या आधी मॅनेजमेंटला एवढं लिहून द्यावं, की दुसऱ्या बाजूचे निवडलेले प्रतिनिधी खोलीत येईपर्यंत आम्ही कशावरही सही करणार नाही.

आपला,
एक निवृत्त कामगार, ठाणे