ताई, तुमची वही बरोबर आहे: आमच्या गोदामात आलेल्या एका अभियंत्यास आभारपत्र

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

आपले नाव कुठेही येऊ नये असे आपण निघताना सांगितले होते, म्हणून पत्राच्या माथ्यावर ते लिहिलेले नाही. मात्र भिवंडीजवळ मानकोलीच्या आमच्या गोदामात ऐन पावसाळ्यात दोन दिवस कोण आले होते, हे आमच्या सहाही दारांवरच्या माणसांना ठाऊक आहे. त्याला आता चार महिने होत आले. इतक्या दिवसांनी लिहितो आहे, कारण आपल्या कंपनीला मी आभाराचे जे दोन ओळींचे ईमेल पाठवले त्याने माझे समाधान झाले नव्हते. ज्या गोष्टीसाठी खरे आभार मानायचे होते, ती त्यात आलीच नव्हती.

आपण येण्याआधी आम्ही दारांवर कायमस्वरूपी बसवायच्या आरएफआयडी रीडरची, म्हणजे खोक्यावर चिकटवलेली छोटी चिप (टॅग) अँटेनामार्फत रेडिओलहरींनी दुरूनच वाचणाऱ्या यंत्राची, पारख केली आहे, अशा समजात होतो. प्रत्यक्षात पारख झालीच नव्हती, फक्त एक प्रात्यक्षिक झाले होते. तेव्हाच्या पुरवठादाराने पॅलेटवर, म्हणजे माल रचून उचलायच्या चौकटीवर, स्वतः आणलेले रिकामे खोके रचले, प्रत्येक टॅग बाहेरच्या अंगाला येईल याची काळजी घेतली आणि ते पॅलेट अगदी सावकाश दारातून ढकलले. पडद्यावर ६० पैकी ६० टॅग उमटले. मालक खूश झाले, मीही झालो. आमच्या गोदामातून रिकामे खोके कधीच जात नाहीत. इथे हँडवॉशचे आणि फिनाइलचे कॅन असतात, स्टीलची भांडी असतात. पाणी या लहरी शोषून घेते आणि धातू त्या परतवून लावतो, ही या विषयातल्या पहिल्या धड्यातली गोष्ट त्या दिवशी कोणी उच्चारलीही नाही. तो रीडर अमेरिकेच्या ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर लावलेला होता, हेही आम्हाला आपल्याकडूनच कळले. आपल्या देशात या कामासाठी २००५ पासून ८६५ ते ८६७ आणि २०२१ पासून ८६८ मेगाहर्ट्झपर्यंतचा पट्टा विनापरवाना खुला आहे, गाडीच्या काचेवरचा फास्टॅगही त्याच पट्ट्यात वाचला जातो, आणि यंत्र विकत घेण्यापूर्वी त्याची मान्यतेची कागदपत्रे मागून घ्यायची असतात, एवढे साधे कोणी सांगितले असते तरी आमचे पुष्कळसे नुकसान टळले असते.

पण पैशांच्या नुकसानीचे दुःख मला फारसे नाही. त्या यंत्रणेने तीन महिन्यांत आमच्या साठ्यात ४१ खोके असे दाखवले, जे मांडणीवर नव्हते. संगणकाच्या हिशेबाने ते दोन क्रमांकाच्या दारातून आत आले होते आणि पुन्हा बाहेर गेलेच नव्हते. आवक-जावक नोंदवही सांभाळणाऱ्या आमच्या ताई पहिल्या दिवसापासून सांगत होत्या की हे खोके तीन क्रमांकाच्या दारातून गाडीत चढले आहेत, हवे तर चलने काढून बघा. चलने कोणी काढली नाहीत. पुरवठादाराचा माणूस मालकांसमोर म्हणाला की चलन माणूस लिहितो, रीडरला कुणाकडून काही घ्यायचे नसते. त्या वाक्याचा अर्थ खोलीतल्या प्रत्येकाला कळला. एकोणीस वर्षे एका रुपयाचा घोळ न केलेल्या बाईकडे दुसऱ्या दिवशी लेखी खुलासा मागण्यात आला, आणि त्या मागणीच्या कागदावर सही माझी होती. तक्रार करण्यासाठी मी त्या पुरवठादाराला किती फोन केले याची मोजदाद नाही. प्रत्येक वेळी एकच उत्तर मिळाले, की अँटेनाची शक्ती आणखी वाढवून देतो.

अशा अवस्थेत आपण आलात. आपल्याला बोलावले होते ते नवा रीडर दाखवण्यासाठी. आपण मात्र आपली पेटी उघडलीच नाहीत. छत्री दाराशी टेकवून आपण सकाळचे तीन तास दोन आणि तीन क्रमांकाच्या दारांमधल्या खांबापाशी उभे राहिलात. गाडी कशी लागते, फोर्कलिफ्टवाला भरलेले पॅलेट घेऊन कुठे वळतो, माथाडी कामगार माल चढवण्याआधी थप्पी कुठे लावतात, हे आपण नुसते पाहत होतात, मधून एखादा प्रश्न विचारत होतात. जेवणानंतर आपण रीडरला जोडलेल्या संगणकातली कच्ची नोंद मागितलीत, म्हणजे कोणत्या अँटेनाला कोणता टॅग, कोणत्या सेकंदाला, किती जोराने दिसला याची यादी. ती यादी अस्तित्वात आहे हेसुद्धा आम्हाला कोणी सांगितलेले नव्हते.

त्यानंतर जे झाले, त्यासाठी हे पत्र आहे. आपण ताईंच्या टेबलाशी गेलात आणि त्यांची वही पाहू का, असे विचारलेत. त्यांनी ती पुढे सरकवली, पण मान वर केली नाही. बाजूला खुर्ची नव्हती, तेव्हा आपण फिनाइलचा एक रिकामा कॅन उपडा घालून त्यावर बसलात, आणि एका हाताचे बोट वहीवर व दुसऱ्या हाताचे बोट छापील यादीवर ठेवून ओळीमागून ओळ ताडून पाहू लागलात. ताईंचे अक्षर बारीक आहे. जिथे लागले नाही तिथे आपण त्यांनाच विचारत होतात, त्या सांगत होत्या, आणि हळूहळू त्या दोन ओळी पुढे जाऊन स्वतःच वेळ वाचून दाखवू लागल्या. वहीत तीन क्रमांकाच्या दारातून जावक अकरा वाजून वीस मिनिटांची असली, की यादीत अकरा बावीसला दोन क्रमांकाच्या अँटेनाने तेच खोके अगदी क्षीण, तुटक असे पाहिलेले. एकेचाळीसच्या एकेचाळीस खोके तसे निघाले. शेजारच्या दाराबाहेर थप्पीत उभा असलेला माल, शक्ती कमाल ठेवलेल्या अँटेनाने पत्र्याच्या शटरवरून परतलेल्या लहरींतून वाचला होता आणि यंत्रणेने त्याला आवक मानले होते. आपण वही मिटलीत, उभे राहिलात आणि दोन्ही हातांनी ती ताईंना परत देत मालकांच्या देखत म्हणालात, "ताई, तुमची वही बरोबर आहे. चूक आमच्या धंद्यातल्या माणसांची आहे."

ताई काही बोलल्या नाहीत. त्यांनी वहीचे सुटलेले वेष्टन नीट बसवले, ती खणात ठेवली आणि आपल्यासाठी चहा सांगितला. त्या वेष्टनावरून फिरणारा त्यांचा हात मला अजून दिसतो. ज्या चुकीशी आपला काडीचाही संबंध नव्हता ती आपण आपल्या व्यवसायाची म्हणून अंगावर घेतलीत, आणि ज्यांनी ती केली होती त्यांच्याकडून आजपर्यंत दिलगिरीचा एक शब्द आलेला नाही. मी खुलाशाचा तो कागद त्याच संध्याकाळी परत घेतला आणि ताईंची माफी मागितली.

दुसऱ्या दिवशीच्या चाचणीबद्दल थोडे लिहितो, कारण असा रीडर घेऊ पाहणाऱ्या इतर गोदामवाल्यांना त्याचा उपयोग व्हावा. आपण आमचाच भरलेला माल, आमचाच फोर्कलिफ्टवाला आणि त्याचा रोजचा वेग घेतलात. हँडवॉशच्या पॅलेटवर पाच थर, प्रत्येक थरात बारा खोके, आणि त्यांतले मधले दोन चारही बाजूंनी पाण्यात बुडल्यासारखे. म्हणजे साठांतले दहा खोके दारावरच्या कोणत्याही अँटेनाला भरवशाने दिसणार नाहीत, हे आपण खडूने जमिनीवर काढून दाखवलेत. प्रत्येक फेरीनंतर आपण वाचले न गेलेले टॅग एका पुठ्ठ्यावर लिहून ठेवत होतात आणि प्रत्येक आकड्याखाली माझी सही घेत होतात. स्वतःच्या यंत्राचे अपयश गिऱ्हाइकाच्या सहीने नोंदवून ठेवणारा विक्रेता मी पूर्वी कधी पाहिला नव्हता. द्रवाचा माल दाराऐवजी थप्पी लागण्यापूर्वी, रोलरवरून एकेक खोका जाताना वाचायचा आणि मग पूर्ण पॅलेटला एकच टॅग लावून सारे खोके त्याच्याशी जोडायचे, ही वाट आपणच काढून दिलीत. त्यामुळे आपले चार रीडर कमी विकले गेले.

सॉफ्टवेअरबाबतही आपण एक वाक्य सांगितलेत, ते आमच्या संगणक विभागाने फळ्यावर लिहून ठेवले आहे: रीडरला टॅग दिसला एवढेच तो सांगतो, माल आला की गेला हे त्याला कळत नाही. एकच टॅग दारात उभ्या उभ्या शेकडो वेळा वाचला जातो. त्यातून एकच नोंद गाळून काढणे, दारावरच्या दोन सेन्सरपैकी कोणाचा प्रकाशझोत माल जाताना आधी अडला यावरून दिशा ठरवणे आणि क्षीण वाचन बाजूला ठेवणे, हे सारे साठ्याच्या आकड्याला हात लागण्यापूर्वी मधल्या पायरीवर व्हायला हवे. पूर्वीच्या यंत्रणेत ती पायरीच नव्हती. रीडरशी बोलण्यासाठी २००७ पासून एलएलआरपी हे सामाईक मानक उपलब्ध आहे, तेव्हा तुमचे सॉफ्टवेअर केवळ आमच्या रीडरशी बांधून घेऊ नका, हा सल्ला आपण दिलात, आणि तोही आपल्याच कंपनीचे कार्ड खिशात असताना.

आज दोनच दारांवर रीडर आहेत. अँटेना आतल्या बाजूला झुकवलेले आहेत, त्यांची शक्ती आपण सांगितलीत तेवढीच आहे आणि दोन व तीन क्रमांकांच्या दारांमध्ये धातूची जाळी उभी केली आहे. नोंदवही बंद झालेली नाही. दर शनिवारी ताई वही आणि कच्ची नोंद समोरासमोर ठेवतात, आणि फरक आढळला तर आधी अँटेना तपासला जातो, मग माणसाला विचारले जाते. हा क्रम मालकांनी स्वतः ठरवला.

धंद्यात हुशार माणसे पुष्कळ भेटतात. ज्याला आपल्या मालाच्या मर्यादा माहीत असतात आणि ज्याला त्या गिऱ्हाइकासमोर सांगताना कमीपणा वाटत नाही असा माणूस विरळा, आणि असा माणूस मोठ्या साहेबांच्या खोलीतून उठून एका कारकून बाईच्या टेबलाशी उपड्या कॅनवर जाऊन बसतो हे त्याहून विरळा. आपल्या कंपनीच्या बिलात दोन रीडर, आठ अँटेना, केबल आणि बसवणुकीची मजुरी आहे. त्या दुपारच्या चार तासांची ओळ त्यात नाही. मी आपल्या लेखा विभागाला फोन करून विचारलेही होते. अशी कोणतीही नोंद आपण दिलेली नाही, असे त्यांनी सांगितले.

पुठ्ठा माझ्या कपाटात आहे. दार क्रमांक पाचचे काम दिवाळीनंतर काढायचे आहे आणि त्या वेळी आपणच यावे, असा निरोप ताईंनी दिला आहे. या वेळी टेबलाशी खुर्ची ठेवलेली असेल.

आपला कृतज्ञ,
गोदाम व्यवस्थापक, मानकोली, भिवंडी